बिनशंखीची धाव

खूप जुनी गोष्ट आहे, पोरांनो आणि थोरांनो! एका माळ्याच्या बागेत शंभर गोगलगायी राहत होत्या. कोणाचा शंख चातीसारखा लांबट, कोणाचा चकलीसारखा चपटा. एकीचा तर चक्क डावीकडे वळलेला! प्रत्येकीला आपलाच शंख भारी वाटायचा.

त्यांच्या सोबतीला आणखी एक बिनशंखी होती. जात गोगलगायीचीच, पण पाठ उघडी. तिला सगळ्या हिणवायच्या.

उन्हाळा लागला की गोगलगायी पाचोळ्याच्या ढिगात शिरायच्या, शंखात अंग आवळायच्या आणि शंखाच्या तोंडावर चिकटा पसरायच्या. तो वाळला की झालं दार! मग ओल लागेपर्यंत गाढ झोप. त्या वर्षीही सगळ्या निघाल्या, तेव्हा बिनशंखीने विचारलं, "मीही येऊ?"

"तुला लावायला दार तरी आहे का?" म्हातारी गोगलगाय म्हणाली. "हा ढीग शंखवाल्यांचा. तू जा."

बिचारी बागेतल्या पाण्याच्या रांजणाखालच्या ओल्या मातीत जाऊन राहिली. तिला फार वाईट वाटलं.

एके सकाळी रांजणातून पाणी घेताना माळीण नवऱ्याला म्हणाली, "अवो, जेवणं झाली की त्यो पाचोळा पेटवून टाका. लई वाळलाय."

बिनशंखीने ते ऐकलं. शंभरजणी आत झोपलेल्या! ढीग वीस हातांवर, वाट तापल्या मातीची. उन्हात तिचंच वाळवण व्हायचं. तरी ती निघाली!

आता गोगलगाय धावून धावणार किती? पण ती धावलीच म्हणा! अंगातला चिकटा मातीवर पसरायचा आणि त्यावरून पुढं सरकायचं. शिंगांच्या टोकावरचे डोळे ढिगाकडे लागलेले. तिला अपमान आठवला नाही का? आठवला की! दहाव्या हातावर ती थांबलीही. मग स्वतःशीच म्हणाली, "भांडू नंतर. आधी त्या जगू देत."

पोचली! पण हाका ऐकणार कोण? तिने आपलं ओलं अंग म्हातारीच्या दारावर घासलं. दार विरघळलं.

"पाऊस आला?" म्हातारीने विचारलं.

"नाही, मी आलेय. ढीग पेटवणार आहेत, ऊठ!"

"गोगलगाय नि पोटात पाय! जागा बळकावायला आलीस होय?" स्वतः गोगलगाय असून म्हातारी हे म्हणाली, बघा!

बिनशंखी वाद घालत बसली नाही. ती शेजारचं दार ओलं करू लागली. दारागणिक तिचं अंग आक्रसत होतं. म्हातारीने ते पाहिलं आणि ती चपापली. जागा बळकावणारी स्वतःचा जीव असा वाळवत नाही! तीही कामाला लागली. एकीने दुसरीला उठवलं, दुसरीने तिसरीला, आणि बघता बघता शंभर दारं उघडली!

बिनशंखीने आखलेली चिकट वाट समोर होतीच. आयत्या वाटेवर गोगलगायीला निम्मेच कष्ट पडतात. सगळ्या त्यावरून सुटल्या. बिनशंखीत मात्र त्राण उरलं नव्हतं, म्हणून म्हातारीने तिला पाठीवर घेतलं. शेवटची गोगलगाय रांजणाखाली शिरली आणि मागे ढीग भडकला!

तीन दिवस बिनशंखी ओल्या मातीत निपचित पडली होती. चौथ्या दिवशी तिने शिंगं बाहेर काढली, तेव्हा शंभरजणी तिच्याभोवती मान खाली घालून बसल्या होत्या.

"आम्ही तुला हाकललं होतं," म्हातारी म्हणाली, "तरी तू आलीस." आणि ती रडू लागली.

म्हणून सांगते, पाठीवर काय आहे ते पाहून कोणाची किंमत करू नये. अडल्या वेळी तो काय देतो, ते पाहावं.