सिंहाखालचा रंग

"रंग कंपनीच्याच डब्यातला हवा, त्यात दुसरा थेंब पडता कामा नये, गाडीच्या पत्र्याला कुणी बोट लावायचं नाही, आणि बंपर गाडीला हुबेहूब जुळला पाहिजे! उद्या दुपारपर्यंत. नाहीतर पागा रिकामी कर!"

असा हुकूम सोडणाऱ्या राजेसाहेब रणधवलरावांचं संस्थान केव्हाच खालसा झालं होतं, रुबाब तेवढा खालसा व्हायचा राहिला होता. त्यांच्या ओस पडलेल्या पागेत दस्तगीर पेंटर गाड्या रंगवायचा. गेल्या आठवड्यात राजेसाहेबांनी स्वतः गाडी मागे घेतली आणि बंपर फुटला. चूक अर्थातच फाटकाची, तेच मध्ये आलं! नवा प्लास्टिकचा बंपर आला, दस्तगीरने त्याला कंपनीचा लाल रंग मारला आणि गाडीला लावून पाहिला. बंपर ताजा टोमॅटो, गाडी विटलेली मिरची!

"सरकार, इतकी वर्षं ऊन खाऊन गाडीचा रंग उडालाय," दस्तगीर चुकून खरं बोलून गेला.

"आमच्या घराण्याचा रंग उडत नाही!"

"काल शोरूममधनं आल्यागत दिसतीया," कारभारी दाजीबांनी री ओढली. दाजीबांना चष्मा होता, पण राजेसाहेबांसमोर ते तो खिशातच ठेवत. नोकरी त्यामुळेच टिकली होती.

दस्तगीरने हातपाय गाळले. "कौसर, सामान आवर," तो लेकीला म्हणाला. वीस वर्षांची कौसर बापाच्या बरोबरीने बंपर घासायची. पागा गेली तर चूल कशावर पेटणार, हे तिलाही कळत होतं. पण ती गाडीभोवती एक चक्कर मारून आली आणि गालातल्या गालात हसली.

"अब्बा, बंपर आहे तस्साच बसवा. बाकी मी बघते."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात गाडी उभी होती. बॉनेटवर घराण्याचा सिंह होता, म्हणजे गाडी नवी असताना चिकटवलेला स्टिकर. राजेसाहेब बंपर बघून गरजणार, तोच कौसर नवाकोरा स्टिकर ताटात घेऊन पुढे झाली.

"सरकार, सिंहाची शेपटी उचकटलीय. लोक हसत्यात! म्हणून नवा आणलाय. पण जुना काढायचा कुणी? पत्र्याला बोट लावायची आम्हाला मनाई!"

"लोक हसतात? आमच्या सिंहाला?"

राजेसाहेबांनी स्वतःच्या नखाने शेपटी धरली आणि ओढली. उन्हाने गोंद मऊ झालेला, अख्खा सिंह हातात आला. पण पत्र्यावर दुसरा सिंह तसाच उभा! लालभडक, आणि भोवती फिकट गुलाबी गाडी.

"रंग कंपनीचा, दुसरा थेंब नाही, पत्र्याला आमचं बोट नाही," कौसर म्हणाली. "आणि बंपर तुमच्या सिंहाला हुबेहूब जुळलाय! आता खोटा कोण, सिंह का गाडी, ते सरकारांनीच सांगावं!"

राजेसाहेबांनी दाजीबांकडे पाहिलं. दाजीबांनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर चष्मा लावला.

"सरकार... सिंह खरा दिसतुया."

राजेसाहेब पोट धरधरून हसले. "दस्तगीर, ही पोरगी नव्हे, वकील आहे! पागा तुझी, कुणी उठवायचं नाही. आणि गाडीही घेऊन जा. सगळी सिंहाला जुळव!"

"मग हा नवा सिंह कुठं लावू, सरकार?" कौसरने विचारलं.

"फाटकाला लाव! पुन्हा मध्ये आलं, तर आधी डरकाळी तरी फोडेल!"