म्हशींच्या डबक्यातला नैवेद्य

ओवळीमहाराज दिवाळीच्या सुमारास कढवलीला आले आणि माघ लागला तरी तिथेच रमले होते. ओवळीच्या, म्हणजे बकुळीच्या, झाडाखाली बैठक मारायची त्यांना फार आवड, म्हणून लोकांनीच त्यांना हे नाव दिले. मूळ नाव विचारणाऱ्याच्या ओंजळीत ते चार फुले टाकत आणि हसून त्याला वाटेला लावत. कोकणातले हे गाव लहानसे, पण तिथली भूमी मोठी नवलाची! डोंगराच्या कुशीत तापाईचे देऊळ, देवळापुढे चिरेबंदी कुंड आणि कुंडात अहोरात्र उकळणारे पाणी. भोवतालच्या खडकांच्या फटींतून वाफा निघत, चिखलात बुडबुडे फुटत, वाऱ्याबरोबर गंधकाचा वास येई. महाराज सकाळी त्या वाफांतून हिंडत आणि म्हणत, "आईची चूल आहे ही. लाकूड नको, फुंकणी नको, आणि विझायचं नाव नाही!"

या पाण्याला गुण होता. खरूज, नायटे, चिघळलेल्या जखमा घेऊन लांबलांबची माणसे येत, धर्मशाळेत राहत आणि कुंडातून वाहून येणाऱ्या पाण्याने अंग शेकत. त्यांच्या जखमांच्या चिंध्या धुवायला कोण तयार होणार? त्या धुवी द्वारका परटीण. विधवा बाई, मागेपुढे कुणी नाही. कुंडाचे पाणी उतारावरून खाली येईपर्यंत निवून जाई आणि तिथे एक डबके साचे. गावच्या म्हशी त्यात डुंबत. त्याच डबक्याच्या काठाला द्वारकेचा धुण्याचा दगड होता. "जय तापाई" म्हणत ती चिंध्या आपटी आणि कुणाकडून काही घेत नसे.

माघी पौर्णिमेला कढवलीची एक रीत होती. घरटी एक तांदळाची पुरचुंडी बांधून कुंडात सोडायची. देवीच्या पाण्यात भात शिजला की आरती व्हायची आणि तोच नैवेद्य दाखवायचा. ज्याचा भात आईने शिजवला त्याचे गाऱ्हाणे तिने ऐकले, असा सगळ्यांचा भाव. द्वारकेची पुरचुंडी मात्र कुंडाला कधी लागली नव्हती. आप्पा खोत लागू देत नसत.

आप्पा खोत म्हणजे देवळाचे मुख्य मानकरी. पहिली पुरचुंडी त्यांची. अंगात कडक इस्त्रीचा अंगरखा, पायांत रेशमी मोजे. देवळात सगळे अनवाणी, पण आप्पा मोज्यांशिवाय कुणाला दिसले नाहीत. मोठ्या माणसाचा थाट, दुसरे काय, असे म्हणून लोक सोडून देत.

त्या वर्षी धर्मशाळेतल्या माणसांच्या मनात आले की आपलेही गाऱ्हाणे आईच्या कानावर घालावे. प्रत्येकाने आपल्या शिध्यातली चिमूटचिमूट काढली. कुणाचे जाडेभरडे तांदूळ, कुणाच्या कण्या. सगळे द्वारकेच्या पदरात घालून ती माणसे म्हणाली, "बाय, तूच सोड. आमचं तूच केलंस." द्वारकेचे डोळे भरून आले. तिने धुवट फडक्यात ते तांदूळ बांधले आणि जत्रेच्या सकाळी ती कुंडाच्या पायरीशी जाऊन उभी राहिली.

आप्पांची पुरचुंडी नुकतीच कुंडात उतरली होती. त्यांनी द्वारकेला पाहिले मात्र, त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"रोग्यांच्या चिंध्या धुणारे हात आणि तापाईच्या कुंडात? शुद्धीवर आहेस ना द्वारके?"

"आप्पा, तांदूळ माजं न्हाईत. त्या गरिबांचं हाईत. एवढी एक पुरचुंडी सोडू द्या."

"मग तर मुळीच नाही! आणि एवढी हौस असेल तर खाली म्हशींच्या डबक्यात शिजव." लोक खो खो हसले. त्या हसण्याने आप्पांना आणखी चेव आला. "आरतीपर्यंत शिजला तर मी वाकून तुझ्याकडून भात मागून घेईन. नाही शिजला, तर आईला ती माणसं नको आहेत असं समजायचं. उद्या धर्मशाळा रिकामी झाली पाहिजे!"

द्वारकेला प्रश्न पडला, ती माणसे जायची कुठे? कुणाला घराने टाकलेले, कुणाला गावाने. ती धावत ओवळीखाली गेली आणि तिने महाराजांचे पाय धरले.

"म्हाराज, तुमी आप्पास्नी सांगा. तुमचा शबुद त्ये मोडायचं न्हाईत."

महाराज म्हणाले, "आप्पाने जागा दाखवली आहे ना? मग चल, तिथेच सोडू."

द्वारकेच्या मनात आले, महाराजांनीही आपली थट्टाच मांडली की काय? पण ती त्यांच्यामागून डबक्याकडे उतरली. एक म्हैस नाकापर्यंत बुडून रवंथ करत होती. महाराजांनी तिच्या पाठीवर थोपटून तिला बाहेर काढले, पुरचुंडी पाण्यात सोडली आणि काठावर पाय पसरून खुशाल बसले. द्वारकेने बोट बुडवून पाहिले. पाणी जेमतेम कोमट. थोड्या वेळाने तिने पुरचुंडी चाचपली. तांदूळ खड्यासारखे हाताला लागले. वर देवळात ताशा वाजू लागला होता.

"म्हाराज, ह्यो न्हाय शिजायचा! माज्यापायी ती मान्सं देशोधडीला लागली."

महाराजांनी दगडाजवळच्या गाठोड्याकडे बोट दाखवले. "आज धुणं नाही वाटतं?"

द्वारका ओशाळली. जत्रेच्या गडबडीत आजच्या चिंध्या तशाच राहिल्या होत्या. म्हणजे ती माणसे सकाळपासून जखमा उघड्या टाकून बसली असणार!

"तू तुझं काम कर," महाराज म्हणाले, "भाताकडे मी बघतो."

तिने पदर खोचला आणि पहिली चिंधी दगडावर आपटली. "जय तापाई!" डोळ्यांतले पाणी चिंधीवर गळत होते, पण हात चालू होते. हळूहळू तिला पैजेचा विसर पडला. ही चिंधी कुणाच्या गुडघ्याची, ही कुणाच्या पाठीची, हे तिला बघताच कळे. त्या त्या माणसाचे नाव घेऊन ती आईला म्हणत होती, याला बरं कर गं, हिला बरं कर गं. महाराज डोळे मिटून बसले होते.

पाण्यात ठेवलेल्या तिच्या पायांना चटका बसला. ती दचकून मागे सरली. डबक्याच्या मध्यावर एक बुडबुडा फुटला, मग दहा फुटले, आणि जमिनीतून खदखद असा आवाज येऊ लागला. बघता बघता पाण्याचा एक लोट कारंज्यासारखा माणसाच्या डोक्याहून उंच उसळला! वाफेने सगळे डबके झाकून गेले. आणि त्या वाफेतून दरवळ आला तो ताज्या भाताचा.

वर एकच गलका झाला. तापाईचे कुंड एकाएकी शांत झाले होते. पाणी जागच्या जागी थिजल्यासारखे झाले. पुजाऱ्याने आप्पांची पुरचुंडी बाहेर काढून उघडली तर आत तांदूळ तसेच कच्चे. सगळ्या गावाच्या पुरचुंड्यांची तीच गत. आरतीची वेळ झाली आणि साऱ्या कढवलीत शिजलेला भात होता तो एकट्या द्वारकेपाशी.

लोकांनी वाट करून दिली आणि आप्पा खोत खाली आले. तोंडावरचा रंग उडालेला. डबक्याच्या कडेला चिखल होता, तिथे ते अडखळून थांबले.

"महाराज," ते कसेबसे म्हणाले, "नैवेद्य खोळंबला आहे."

"मग माग की. भात तिचा आहे." महाराज हसले. मग त्यांचा आवाज अगदी मऊ झाला. "पण आप्पा, चिखलात उतरायचं तर आधी मोजे काढ. किती दिवस लपवशील बाबा?"

आप्पा खाली बसले आणि त्यांनी मोजे उतरवले. अर्धवट सुटलेल्या फडक्यांखाली दोन्ही पाय घोट्यापर्यंत चिघळलेले! धर्मशाळेतल्या माणसांना जे होते तेच. कुणाला कळू नये म्हणून ते स्वतःच्या हाताने, अर्धवट, मळक्या फडक्यांनी जखमा बांधत होते.

आप्पांना हुंदका आवरेना. ते महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकले, तर महाराजांनी पाय आखडून घेतले. "इथे नव्हे," ते म्हणाले, आणि त्यांनी धुण्याच्या दगडाकडे पाहिले.

आप्पा गुडघ्यांवर पुढे सरकले. ज्या दगडावर रोग्यांच्या चिंध्या आपटल्या जात, त्या दगडावर त्यांनी कपाळ टेकले. "द्वारके," ते म्हणाले, "माझं चुकलं. घासभर भात दे. आणि धर्मशाळेत मलाही एक कोपरा दे."

डबके निवू लागले आणि वर कुंडातून खदखद ऐकू येऊ लागली. आईची चूल पुन्हा पेटली होती. लोक "तापाईचा उदो!" म्हणत वर धावले. द्वारकेने पुरचुंडी बाहेर काढून उघडली, केळीच्या पानावर भात वाढला आणि नैवेद्याचे ते पान आप्पांपुढे ठेवले. महाराजांनी डोळ्यांनीच तिला विचारले, आता काय? तिला काही सांगावे लागले नाही. आप्पा अजून वाकलेलेच होते. तिने त्यांच्या पायांची ती मळकी फडकी हलक्या हाताने सोडवली.

"उटा, आप्पा," ती म्हणाली, "दगड सोडा जरा. ह्यी तेवडी धुवायची ऱ्हायली."