शेठजींना सांगितलेला मारवा

कृष्णाकाठच्या एका बाजारगावी एकदा एक वृद्ध गायनाचार्य राहत असत. सगळे त्यांना नुसतं बुवा म्हणत. वयोमानाने गळा थकला होता, पण ऐकणं थांबलं नव्हतं. रोज दिवेलागणीला ते जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या कपाटातून एक तबकडी काढत, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत पेठेतल्या रेवणशेठांकडे जात. काल काय ऐकलं, ते त्यांना सांगायला.

रेवणशेठ तांब्यापितळेच्या भांड्यांचे व्यापारी. एके काळी गावात मैफल असली की पहिल्या रांगेतली त्यांची जागा ठरलेली. त्यांच्या तोंडून ‘आहा’ निघाल्याशिवाय गाणाऱ्यालाही मैफल रंगल्यासारखी वाटत नसे. पण मागल्या वर्षी त्यांना मोठा ताप आला आणि तो जाताना कान घेऊन गेला. जवळ बसून सावकाश बोललेलं त्यांना समजे. सूर मात्र कानात शिरला की त्याचा नुसता खरखराट होई. शेठजींनी घरातला ग्रामोफोन जावयाला देऊन टाकला, दुकान मुलांवर सोपवलं, आणि ते माडीवरच्या खिडकीशी बसून राहू लागले.

बुवांचा शिष्य निरंजन संगीताची पदवी घेऊन, पुढचं शिकायला म्हणून बुवांकडे येऊन राहिला होता. त्याला बुवांचं हे जाणं मुळीच रुचत नसे. एके दिवशी न राहवून तो म्हणाला, “बुवा, राग मानू नका. पण ज्याला गाणं ऐकू येत नाही, त्याच्यापुढे रोज गाण्याचं वर्णन करायचं, हे निष्ठुरपणाचं नाही का? उपाशी माणसापुढे बसून पक्वान्नांची नावं घ्यावीत, तसं वाटतं मला.”

“तसं असतं तर शेठजींनी मला केव्हाच जिना दाखवला असता,” बुवा हसून म्हणाले आणि वहाणा घालून निघाले.

पुढे थोड्याच दिवसांत अंगणात पाय मुरगळून बुवा अंथरुणाला खिळले. त्यांनी निरंजनला जवळ बोलावलं. “काल संध्याकाळी आपण मारवा राग ऐकला ना? आज शेठजींकडे तू जा.”

निरंजन नाइलाजाने गेला. शेठजींनी “या निरंजनराव” म्हणून बसायला दिलं. निरंजनने घसा साफ करून सुरुवात केली. गायिका कोणत्या परंपरेतली, विलंबित ख्यालाचा ताल कुठला, रिषभ आणि धैवत यांची संगती कशी साधली आहे, एका तानेत लय कुठे किंचित ढळली आहे. सगळं नीट, सावकाश सांगितलं. शेठजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं,” ते म्हणाले. “बुवांच्या पायाला शेक देत जा.” आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

तो घरी आल्यावर बुवांनी विचारलं, “काय म्हणाले?”

“बरं म्हणाले.”

“तू काय सांगितलंस?” निरंजनने सगळं सांगितलं. बुवा म्हणाले, “अरे, ते गायिकेबद्दल झालं. ऐकताना तुला काय झालं, ते सांगितलंस का?”

“मला?”

“हो, तुला. आज तीच तबकडी पुन्हा लाव. पण एकट्यासाठी ऐकू नकोस. हे कुणाकडे तरी पोचवायचं आहे, असं समजून ऐक.”

संध्याकाळी निरंजन ऐकायला बसला. आजवर तो ऐकायचा तो परीक्षकासारखा, बरोबर-चूक ठरवत. आज ओंजळीतून पाणी न्यायचं असावं, तसा तो जपून ऐकू लागला. आणि गायिका षड्जाच्या, त्या घरच्या ‘सा’च्या, अलीकडे घुटमळू लागली, तेव्हा एकाएकी त्याचे डोळे भरून आले.

सकाळी तो शेठजींच्या अगदी जवळ जाऊन बसला. “शेठजी, मी लहान असताना आई आजारी मामाला बघायला गेली होती. रोज संध्याकाळी मी उंबऱ्यावर बसून राहायचो. रस्त्यावर कुणीही दिसलं की वाटायचं, आई आली. काल मारवा ऐकताना तसंच झालं. बाई षड्जापाशी येतात आणि वळून जातात. पुन्हा येतात, पुन्हा वळतात. माझा जीव नुसता कासावीस. आणि शेवटी एकदाच, अगदी हलकेच, त्या षड्जावर टेकल्या. एवढंच. पण मला आईचं लुगडं दिसलं हो, वळणावर.”

शेठजींचे डोळे मिटलेले होते. हात मांडीवर संथ ठेका धरत होता. क्षणभर तो थांबला, आणि त्यांच्या तोंडून निघालं, “आहा!”

थोड्या वेळाने डोळे पुसत ते म्हणाले, “बस रे पोरा, जाऊ नकोस. आता माझं ऐक. बुवांचे गुरुबंधू एकदा इथे सकाळी तोडी गायला बसले होते. ऐन वेळी ध्वनिक्षेपक बंद पडला. ते म्हणाले, सगळे जवळ या. लोक सरकत सरकत अगदी त्यांच्या गुडघ्याला लागून बसले. मग ते इतकं हळू गायले, की कुणी खाकरायलाही धजेना. निजलेल्या बाळाच्या तोंडावरचं पांघरूण बाजूला करताना हात कसा आपोआप सावकाश होतो? तसे ते गंधाराला हात लावत होते. त्या गाण्याची तबकडी कुणी काढली नाही. ऐकणारेही आता फारसे उरले नाहीत. आता ते तुझ्याकडे असू दे.”

निरंजनने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. ती तोडी मनात जपून नेताना वाटेत त्याला पेठ दिसली नाही, माणसं दिसली नाहीत.

घरी येऊन त्याने बुवांना ‘आहा’ची हकिकत सांगितली; शेठजींनी एक तोडीही दिली, एवढंच म्हणाला.  बुवा म्हणाले, “मैफलीत दाद तिथल्या तिथे देता येते. तबकडीतली बाई कधीच निघून गेली. तिला दाद कशी पोचवणार? आणि पोचवली नाही, तर घेतलेलं मनावर ओझं होऊन राहतं. म्हणून ती शेजाऱ्याला द्यायची. मला काय मिळालं ते मोकळेपणी सांगायचं, हेच आभार मानणं. शेठजींपुढे मी पक्वान्नांची नावं घेतो असं तुला वाटत होतं ना? अरे, त्यांना सांगायचं असतं म्हणून तर मी इतकं मन लावून ऐकतो. माझं ऐकणं त्यांनी जिवंत ठेवलं आहे.”

निरंजनने मान खाली घातली.

“आणि ती तोडी?” बुवांनी दुखरा पाय उशीवर नीट ठेवला आणि डोळे मिटले. “त्या सकाळी मी परगावी होतो. सांग बरं मला.”

निरंजन त्यांच्याजवळ सरकून बसला आणि सावकाश सांगू लागला.