बाकाची नाडी

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्येवर दवाखाना सोपवून शेजारच्या गावी गेले, आणि नेमका त्याच सकाळी घोटाळा झाला. गुरू समोर बसलेले असताना असले घोटाळे होत नाहीत. त्यांची पाठ वळली की होतात, आणि म्हणूनच ते सांगावे लागतात.

गाव त्या वैद्यांना बुवा म्हणे. त्यांची ख्याती औषधांपेक्षा नाडीपरीक्षेची. रोग्याच्या मनगटावर तीन बोटे ठेवून, डोळे मिटून ते इतका वेळ बसत की नवख्या माणसाला वाटावे, म्हाताऱ्याला डुलकी लागली. डोळे उघडल्यावर मात्र मोजके आणि नेमके बोलत. आपल्या औषधाने उतार पडणार नाही असे दिसले, की त्याच दिवशी रोग्याला शहरातल्या रुग्णालयात धाडत. "मला काय कळत नाही, ते मला कळतं," असे म्हणत आणि स्वतःच हसत.

त्यांची शिष्या ऋजुता. आयुर्वेदाची पदवी घेऊन वर्षभर नाडी शिकायला आलेली. हुशार, कामाला वाघ, आणि रोग्यांशी इतकी गोड की म्हाताऱ्या बायका काही दुखत नसतानाही येऊन बसत. तिला खोड एकच होती, आणि हल्ली ही खोड कोणाला नाही ते मला दाखवाच. फोनवरचा खेळ.

खेळ गाव वसवण्याचा. घरे बांधा, विहिरी खणा, बाजार भरवा. त्यात विशेष काही नाही. विशेष होते ते बक्षिसांसाठी ठेवलेले पिनबॉलचे फळकूट. लहानपणी आपण खिळे ठोकलेल्या उतरत्या पाटीवर गोटी सोडायचो, ती खिळ्यांवर आपटत, उसळत कुठल्या तरी खणात जाऊन पडायची, तसेच ते. खण जितका अवघड, तितके बक्षीस मोठे.

बुवांनी एकदा सहज विचारले, "काय गं, यात जास्तीत जास्त मिळवायचं तर काय करायचं?"

झाले! ऋजुता जी खुलली म्हणता. "बुवा, लोकांना खेळताच येत नाही हो. गोटी मिळाली की लगेच मारतात. तसं नाही करायचं. दर चार तासांनी तीन गोट्या फुकट मिळतात, त्या साठवायच्या. पण बाराच साठतात, पुढच्या वाया जातात, म्हणून वेळेवर खेळ उघडायचा. मध्येच केव्हातरी तांबडा दिवा लागतो, मिनिटभरच. तेव्हा मारलेल्या गोटीला दसपट! आणि एकही दिवस न चुकता सात आठवडे खेळलं, की सोन्याची गोटी मिळते. ती एकदाच. शेवटच्या दिवशी चारच्या आत मारायची. नाही मारली तर गेली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात."

"आणि तो दिवा कधी लागतो?"

"तेच तर कळत नाही ना! म्हणून सारखं लक्ष ठेवावं लागतं."

"अवघड आहे बाई," असे म्हणून बुवा खलात सुंठ कुटू लागले. रागावले नाहीत. रागवायला हवे होते असे माझे स्पष्ट मत आहे. पण मी काही कोणाचा गुरू नाही.

तर ती सकाळ सोन्याच्या गोटीची होती. एकोणपन्नास दिवस पुरे झाले होते. बुवा पहिल्या एसटीने गेले आणि ऋजुता दवाखान्याच्या बैठकीवर बसली. शेजारी फोन उताणा ठेवलेला. पहाटे उठल्यापासून तिला एकच धास्ती होती. दिवा आपण पाणी भरायला उठलो तेव्हा लागून गेला तर? एवढ्या दिवसांची तपश्चर्या एका मिनिटासाठी मातीत जायची. तुम्ही हसाल, हसा. पण भीती ही भीतीच असते. ती कशापायी आहे हे शरीराला कळत नाही, हातापायांना घाम तोच सुटतो.

साडेदहाच्या सुमारास अनसूयाकाकू आल्या. काकू देवळामागे एकट्या राहत आणि वाती वळून विकत. भिंतीला धरत धरत आत आल्या, बसल्या, आणि म्हणाल्या, "डाक्टरीणबाई, सकाळपासून डोळ्यांपुढं अंधारी येतेय. ओट्यापाशी उभी होते, तर कुणी ढकलल्यासारखी मागं गेले बघ."

ऋजुताने त्यांचा हात हातात घेतला. मनगटावर तीन बोटे टेकवली. डोळे मिटले नाहीत. डोळे कसे मिटणार? फोन समोर होता. नाडी चटकन लागेना, तेव्हा तिने बोटे आणखी दाबली. आणि लागली! जोरकस, भरीव, जराशी जलद. तिने घड्याळ लावून मोजली. मिनिटाला शंभरावर चार.

"नाडी उत्तम आहे हो काकू. उन्हाचा त्रास आहे. कोकमाचं सरबत घ्या आणि पडून राहा."

"तू म्हणतेस तर असेल बाई," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा भिंत धरून निघून गेल्या.

बुवा साडेबाराला परतले. एक वहाण काढली, दुसरी काढता काढता त्यांनी विचारले, "कोण कोण आलं होतं?" ऋजुताने सांगितले. अनसूयाकाकूंचे नाव येताच त्यांनी मान वर केली.

"नाडी किती होती म्हणालीस?"

"एकशे चार. जोरकस होती."

"अनसूयेची?" बुवांचा आवाज बदलला. "चाळीस वर्षं मी त्या बाईची नाडी बघतोय. तापातसुद्धा ऐंशीच्या वर गेलेली नाही."

त्यांनी काढलेली वहाण पुन्हा पायात घातली आणि ते चालू लागले. चालू कसले, पंचाहत्तर वर्षांचा माणूस धावत होता. ऋजुता मागे. तिला आयुष्यात पहिल्यांदा असे वाटत होते की काकूंचे दार कोणी उघडूच नये.

दार नुसते लोटलेले होते. काकू खाटेशेजारी जमिनीवर पडल्या होत्या. सरबताचा पेला कलंडलेला. डोळे अर्धे उघडे. बुवा खाली बसले, मनगट हातात घेतले, डोळे मिटले. त्या खोलीत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हते. ऋजुता भिंतीला टेकून बुवांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मिनिटभराने त्यांनी डोळे उघडले.

"चौतीस. गाडी बघ कुणाची."

शेजाऱ्यांची गाडी मिळाली. पाऊण तासाचा रस्ता. काकूंचे डोके ऋजुताच्या मांडीवर होते, आणि रस्ताभर ती त्यांच्या नाकपुड्यांपुढे बोट धरून बसली होती. मनगटाला हात लावायची तिला हिंमत झाली नाही.

रुग्णालयात काकूंना आत नेले आणि दार बंद झाले. बाहेर एक लाकडी बाक होते. दोघे त्यावर बसले. दीड तास गेला. आत काय चालले आहे कोणी सांगेना. दर वेळी दार उघडले की ऋजुता अर्धवट उठे आणि पुन्हा बसे. शेवटी तिला रडू फुटले.

"बुवा, मी खोटं नाही सांगितलं हो. आईशप्पथ. मला लागली होती नाडी. तिन्ही बोटांना लागली होती. मी मोजली. एकशे चार होती!"

 बुवांनी विचारले, "किती वाजले?"

"साडेतीन."

"ती सोन्याची गोटी मारलीस का?"

ऋजुता त्यांच्याकडे बघतच राहिली. आत एक बाई मरणाच्या दारात आहे आणि हा माणूस गोटीचे विचारतो आहे!

"नाही मारली," ती कशीबशी म्हणाली.

"मग काढ फोन. डाव्या हातात धर. दिवा लागायची वाट बघ, नेहमी बघतेस तशी. आणि उजव्या हाताची तीन बोटं इथं ठेव." त्यांनी बाकाच्या लाकडी हातावर टिचकी मारली. "नाडी बघ."

"कोणाची?"

"बाकाची."

म्हाताऱ्याचे डोके फिरले असे तिला वाटले. वाटणारच. पण गुरूचा शब्द, आणि त्यातून ती अपराधी. तिने फोन उघडला. गोटी तिथे होती, पिवळीधमक. तिने लाकडावर बोटे टेकवली.

"दाबून धर. सकाळी धरली होतीस तशी."

तिने दाबली. पडद्यावर चारला अठ्ठावीस मिनिटे कमी, मग सत्तावीस, मग सव्वीस. दिवा लागेना. आणि हळूहळू तिच्या बोटांखाली काहीतरी हलू लागले.

प्रथम तिला वाटले, भास आहे. पण नाही. ठक, ठक, ठक. त्या मेलेल्या, वाळक्या, हजारो माणसांनी बसून गुळगुळीत केलेल्या लाकडातून जोरकस, भरीव, जराशी जलद नाडी येत होती. तिन्ही बोटांना लागत होती. सकाळी लागली होती तीच. ऋजुताच्या अंगावर सर्रकन काटा आला. 

तेवढ्यात दिवा लागला.

आता पुढचे सांगायला मलाही संकोच वाटतो, पण सांगतो. तिच्या डाव्या अंगठ्याने गोटी मारली. तिने नाही, अंगठ्याने. गोटी उसळत, आपटत गेली आणि सगळ्यांत मोठ्या खणात पडली. दसपट! फोनमधून घंटा वाजू लागल्या. रांगेत बसलेली माणसे वळून बघू लागली. आणि क्षणभर, त्या बंद दाराबाहेर, ऋजुताला खरोखर आनंद झाला. पुढच्याच क्षणी त्या आनंदाची तिला एवढी भीती वाटली, की फोन तिने बाकावर टाकला आणि दोन्ही हात पदराखाली लपवावेत तसे ओढणीत लपवले.

"लागली?" बुवांनी विचारले.

तिने मान हलवली.

"लाकडाला नाडी नसते पोरी," बुवा हळू आवाजात म्हणाले. "जीव घाबरा असला आणि बोटं दाबून धरली, की आपलंच रक्त आपल्या बोटांत ठोके देतं. तू खोटं बोलली नाहीस. सकाळी तुला नाडी लागलीच होती, पण ती तुझी होती. आता, भिऊ नकोस असं मी तुला सांगणार नाही. नाडी बघणाऱ्यानं भ्यायलाच हवं. पन्नास वर्षं झाली, प्रत्येक हात हातात घेताना मी भितो. पण त्याच्यासाठी भितो, ज्याचा हात आहे. तू सकाळी गोटीसाठी भीत बसलीस आणि अनसूयेसाठी भ्यायला तुझ्यापाशी काही उरलंच नाही. या खेळातून जास्तीत जास्त कसं घ्यायचं ते तू मला शिकवलंस. त्यानं तुझ्यातून काय घेतलं, ते तुला या बाकानं सांगितलं. याउप्पर मला काही येत नाही."

बुवांनी फोन उचलला आणि तिच्या पिशवीत ठेवून दिला. जप्त केला नाही, फोडला नाही. दार उघडले आणि परिचारिका बाहेर आली.

"अनसूयाबाईंबरोबर कोण आहे?"

ऋजुता उठली. बुवांनी तिचा दंड धरला.

"इंजेक्शननं ठोके थोडे वाढलेत. हृदयाला यंत्र बसवावं लागेल, उद्या. तोवर काही सांगता येत नाही. शुद्धीवर आहेत, पण दोनच मिनिटं हं."

आत काकू उशीवर एवढ्याशा झाल्या होत्या. डोळे मात्र जागे. ऋजुताला बघून त्यांच्या ओठांवर हसू आले.

"काय गं, सकाळी म्हणालीस नाडी उत्तम आहे. मग मला मेलीला इथं कशाला आणलंत?"

बुवा दारातच थांबले. ते काही बोलतील म्हणून ऋजुताने मागे पाहिले. ते बोलले नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिले.

"काकू," ती म्हणाली, "सकाळी मी तुमची नाडी बघितलीच नाही."

"अगं, चांगला हात धरून बसली होतीस की!"

"हात तुमचा धरला होता. मोजली माझी. माझं लक्ष खेळात होतं, काकू. तुम्ही जमिनीवर पडलात ते माझ्यामुळं."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. हसू गेले होते. रागावतात, तोंड फिरवतात, की हाकलून देतात, काही कळेना. पिशवीत फोन एकदा थरथरला, चार वाजले होते बहुधा. कोणी तिकडे पाहिले नाही. मग काकूंनी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि तळवा वर करून तिच्यापुढे धरला.

"मग आता माझी बघ."

ऋजुता खाटेशेजारी बसली.  तिने बोटे मनगटावर ठेवली, अगदी हलकी, आणि डोळे मिटले. प्रथम धाडधाड ठोके आले. ते तिने ओळखले आणि जाऊ दिले. बोटे दाबली नाहीत. वाट पाहिली. ठोके मंदावत गेले, विरले, आणि मग बोटांखाली काहीच राहिले नाही. काही म्हणजे काहीच नाही. एवढी भीती तिला दिवसभरात वाटली नव्हती. तरी तिने बोट हलवले नाही.

मग एक ठोका आला. बारीक, लांबून आल्यासारखा. पुढचा येईपर्यंत ती श्वास धरून बसली. तो आला, आणि तिला नक्की कळले, हा आपला नाही.