पहिला मांडा गायीचा

फार पूर्वी, घड्याळ नावाची वस्तू अजून कुणाच्या भिंतीवर चढली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. तापीकाठच्या एका गावात गोजरा नावाची एक सून राहत होती आणि तिला कधीही वेळ नसायचा. घड्याळच नव्हतं तर वेळ कमी पडतो हे तिला कसं कळायचं, असं विचाराल, तर ते मलाही ठाऊक नाही. पण दिवसातून दहा वेळा ती म्हणायची खरं, ‘वेळच मिळत नाही बाई.’

गोजराचं घर मांड्यांचं घर म्हणून ओळखलं जाई. मांडा म्हणजे काय, ते आधी सांगतो. पुरण भरलेला कणकेचा गोळा लाटायचा, मग तो दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि उपड्या ठेवलेल्या तापल्या खापरावर अलगद सोडायचा. मांडा असा पातळ व्हावा की पलीकडचा माणूस दिसावा. पोळपाटावर होतो त्याला मांडा म्हणत नाहीत.

गोजराची सासू बायजाबाई मांड्यांत एक नंबर. दर वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, तशी राजाची लेकही यायची. माहेरचं पाणी प्यायच्या आधी ती या घराच्या अंगणात यायची आणि खापरावरून उतरलेला पहिला गरम मांडा खायची. हा त्या घराचा मान होता. कुणी मागितला नव्हता, कुणी लिहून दिला नव्हता, पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता आणि बायजाबाईचा सगळा जीव त्या मानात होता.

गोजरा कामाला वाघीण. पाणी, शेण, भाकऱ्या, धुणं, कशाला म्हणून मागे नाही. फक्त मांड्यांचं नाव काढलं की तिला दुसरं काहीतरी काम आठवायचं. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं एकदाच गोळा हातावर घेतला होता. तो मधोमध फाटला, पुरण कोपरावरून ओघळून लुगड्यावर पडलं आणि अंगणातल्या बायका खो खो हसल्या. शेजारची ठकूबाई म्हणाली होती की हे अंगात असावं लागतं, आणि गोजरानं ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. तेव्हापासून विषय निघाला की ती तेच म्हणायची आणि सासूच्या हाताचं कौतुक करून मोकळी व्हायची.

मनात मात्र तिचे मांडे सुरेख होत. दळता दळता ती स्वप्न बघायची, आपण मांडा पसरतोय, राजकन्या तोंडात बोट घालून बघतेय, ठकूबाईचं तोंड एवढंसं झालंय. मनातले मांडे फाटत नाहीत, ही एक सोय असते.

पण त्या वर्षी दिवाळी सरली आणि बायजाबाईचा उजवा हात थरथरायला लागला. पाण्याचा तांब्या धरला तरी पाणी सांडायचं. वैद्यानं लेप दिला, काढा दिला, आणि जाताना हळूच सांगितलं की आता हे असंच राहायचं. बातमी गावात फिरली तशी राजाच्या वाड्यावर गेली. कारभारी स्वतः आला. माणूस सभ्य होता, पण बोलला स्पष्ट. आखाजीला मांडा या घरात झाला नाही, तर पुढच्या वर्षीपासून मान वरच्या आळीला जाईल. राजकन्येला कोरड्या तोंडानं परत पाठवता येत नाही.

बायजाबाईनं हात पदराखाली झाकला आणि म्हणाली, “माझी सून करील.”

आत माजघरात गोजरानं ते ऐकलं आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

आता तुम्ही म्हणाल, ती दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली असेल. छे. ती म्हणाली, संक्रांत होऊ दे. संक्रांत झाली. मग म्हणाली, हरभरा घरात येऊ दे. हरभराही आला. मग तिला वाळवणं आठवली. आजचं उद्यावर आणि उद्याचं परवावर, असं सगळं चाललं होतं. बायजाबाई ओसरीवर बसून बघत होती. तिला दिसायचं की सून विहिरीवर गेली की बादली भरल्यावरही बराच वेळ तिथेच असते. आणि सकाळी ढवळी गायीची धार काढून दूध वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, ठेवलं की गोजरा कमरेवर हात ठेवून नुसती उभी राहते, दुधाकडे बघत. दूध उतू जाऊ नये म्हणून. शेजारी मोठी चूल धगधगत असते आणि तिच्यावर काहीच नसतं.

एका सकाळी बायजाबाईनं तिला अशीच उभी असताना हाक मारली आणि मांड्यांचं कधी बघणार, एवढंच विचारलं.

“वेळच मिळत नाही हो, आत्याबाई. तुम्ही बघताच ना.”

बायजाबाई रागावली नाही. कोपऱ्यात पालथं घातलेलं खापर तिनं डाव्या हातानं ओढून घेतलं आणि त्याच्यावरची धूळ पदरानं पुसली.

“पोरी, सगळं खापर वेळेच्या डोक्यावर फोडलंस, तर मांडे भाजायचे कशावर?”

गोजराला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. ती खाली बसली आणि खरं काय ते बोलून गेली. वेळेचं काही नव्हतं. तिला भीती वाटत होती. पुन्हा फाटेल, पुन्हा सगळ्या हसतील, आणि आपल्या हातून घराचा मान जाईल. केलंच नाही, तर निदान येत नाही असं तरी कुणाला कळणार नाही. “तुमच्या अंगात आहे ते, आत्याबाई. माझ्या नाही.”

“अंगात देवी येते गं,” म्हातारी म्हणाली. “मांडा हातात यावा लागतो. मी या घरात आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती. माझ्या सासूची गाय माझ्याच फाटक्या मांड्यांवर पोसली.”

हे गोजराला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सासू मांडे करत करतच जन्माला आली असावी, असं तिनं धरून ठेवलं होतं.

मग बायजाबाईनं तिच्याशी सौदा केला. दिवसभराचा वेळ मला नको, म्हणाली. दूध वैलावर ठेवल्यापासून वर येईपर्यंतचा वेळ दे. तेवढ्यात एकच गोळा. तो झाला तर झाला, फाटला तर ‘हा गायीचा’ म्हणायचं, तसाच भाजायचा आणि ढवळीपुढे टाकायचा. रडायचं नाही, लपवायचं नाही. फक्त टाकायच्या आधी कुठे फाटला ते बघायचं.

दुसऱ्या दिवशी चुलीवर खापर चढलं. रोज पुरण कुठलं परवडायला, म्हणून नुसत्या कणकेचा गोळा. तो हातावर घेतला आणि फाटला. “हा गायीचा,” गोजरा म्हणाली. तिसऱ्या दिवशीही गायीचाच. आठवडाभर तेच झालं, पण ती बघायला लागली होती. मधे फाटतो, म्हणजे मधे जास्त लाटला जातो. मग तिनं मधला भाग जाड ठेवला, तर कड तुटली. कणीक घट्ट होती म्हणून तिनं पाण्याचा हात लावून ती आणखी तिंबली. कधी एक अडचण सुटायची आणि दुसरी उभी राहायची. मधेच ती माहेरी लग्नाला जाऊन आली, तर हात सगळं विसरून बसला होता. तेव्हा मात्र तिला पुन्हा वाटलं, सोडून द्यावं. पण दूध वैलावर चढलेलं होतं आणि ढवळी दारात येऊन उभी होती.

ढवळीचं तर विचारूच नका. कुठल्या गायीला रोज ताजा खरपूस मांडा मिळतो? ती अशी गुटगुटीत झाली की ठकूबाईनं विचारलं, गाभण आहे का हो. गोजराचा नवराही कधीमधी ढवळीच्या वाटणीतला तुकडा पळवायचा आणि शहाण्यासारखा गप्प खायचा.

एक गोष्ट मात्र कितीही केलं तरी सुटेना. मांडा मनगट ओलांडून कोपराकडे सरकला की टरकन फाटायचा. बायजाबाई बघायची, बोटं बरोबर, पाणी बरोबर, फिरवणं बरोबर, तरी तिला चूक दिसेना. शेवटी एका सकाळी गोजरा फाटलेला मांडा उजेडात धरून बघत राहिली. भोकं एका ओळीत होती, अर्धगोल. तिनं स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. बांगड्या. काचेच्या बांगड्यांच्या कडा मांड्याला कातरत होत्या.

सवाशिणीनं बांगड्या उतरवायच्या नाहीत, म्हणून तिनं मऊ धोतराची पट्टी फाडली, ओली केली आणि बांगड्यांवरून घट्ट गुंडाळली. त्या दिवशी मांडा कोपरापर्यंत गेला आणि फाटला नाही. बायजाबाईनं ती ओली पट्टी बोटांनी चाचपून बघितली. विधवा होऊन तिला इतकी वर्षं झाली होती की बांगड्यांची आठवणच राहिली नव्हती.

“मला हे शिकवता आलं नसतं,” ती म्हणाली. “हे तुझं तू शिकलीस.”

गोजराला इतका आनंद झाला की दूध उतू गेलं तेही कळलं नाही.

त्यानंतर ढवळीचे वाईट दिवस आले. कधी अर्धा तुकडा, कधी काहीच नाही. ती दारात उभी राहून हंबरायची, आणि तिचं हंबरणं ऐकलं की बायजाबाईला बरं वाटायचं.

आखाजी आली. अंगणात सडा पडला, झोके बांधले गेले, लेकीबाळींनी गाव भरलं. राजकन्या आली आणि पाटावर बसली. मागे कारभारी उभा राहिला. वरच्या आळीच्या बायका मुद्दाम पुढे येऊन बसल्या होत्या आणि ठकूबाई त्यांच्या शेजारी. बायजाबाई भिंतीला टेकून बसली होती, हात पदराखाली.

गोजरानं पुरणाचा गोळा घेतला, लाटला, हातावर उचलला. एक फेरा, दुसरा फेरा, आणि तिसऱ्याला मांडा मधोमध फाटला. पुरण कोपरावरून ओघळून लुगड्यावर पडलं.

बायकांनी हसू लपवायला पदर तोंडाला लावले. गोजराची कानशिलं तापली. तेच अंगण, तेच पुरण, त्याच बायका. एका क्षणी तिला वाटलं, उठावं आणि माजघरात जाऊन दार लावावं. तेवढ्यात दारातून ढवळी हंबरली. सवयीनं गोजरानं फाटका मांडा उजेडात धरला आणि बघितलं. पुरण जरा सैल होतं, म्हणून मधे भार आला होता. एवढंच होतं.

“पहिला गायीचा,” ती म्हणाली.

तो तसाच खापरावर भाजून घेतला, उठली, ढवळीला स्वतःच्या हातानं चारला, हात धुतले, बांगड्यांवरची पट्टी पुन्हा ओली करून बांधली आणि दुसऱ्या गोळ्यात पुरण थोडं कमी भरलं. जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. गायीचा घास आधी काढायचा, हे बरोबरच होतं. आपण मघाशी कशाला हसत होतो, हे त्यांना नीटसं आठवेना.

दुसरा मांडा फिरत फिरत कोपरापर्यंत गेला. त्यातून पलीकडची राजकन्या दिसली. तो खापरावर पडला, फुगला, आणि घडी होऊन ताटात गेला. राजकन्येनं तुपात बुडवून घास घेतला, डोळे मिटले आणि माहेरी आल्यासारखं वाटलं म्हणाली. कारभाऱ्यानं वरच्या आळीच्या बायकांकडे बघून हात जोडले; मान याच घरात राहणार होता. बायजाबाईनं थरथरता हात पदराबाहेर काढला. आता तो झाकायचं कारण उरलं नव्हतं. ती सगळ्यांसमोर रडली.

निघताना राजकन्येनं विचारलं, “गोजराबाई, मलाही शिकायचंय. पण मला अजिबात वेळ नसतो. किती वेळ लागतो हो याला?”

गोजरानं सासूकडे बघितलं आणि ती हसली.

“फार नाही, ताईसाहेब. दूध वर येईपर्यंतचा. पण रोज. आणि एक गाय पाळावी लागेल.”

तात्पर्य: वेळ नाही असं म्हणण्याआधी आपण नुसते कुठे उभे आहोत ते बघावं, आणि पहिला मांडा फाटलाच, तर तो गायीला घालून दुसरा गोळा हातात घ्यावा.