काळ्या भिंतीवरची बोटं

"मग काळ्या भिंतीवर पाहुण्यांना घेऊन मला एकटीला कधी सोडणार, मास्तर?"

रुझार मास्तर होडीच्या काठावर बसून सिलिंडरचा पट्टा आवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बेटाभोवतालची सगळी प्रवाळं शर्वाणीने पालथी घातली होती. कासवाचं अंगण, मोराची बाग… तिथे ती डुबकी मारायला आलेल्या पाहुण्यांना घेऊन बिनघोर उतरायची. उरली होती ती काळी भिंत, पश्चिमेला समुद्रात सरळ खाली गेलेली खडकाची कडा. तिथे मास्तरांच्या होकाराशिवाय कुणी पाहुणे नेत नसे. कराडहून पोहण्याची पदकं घेऊन आलेल्या या पोरीचा सगळा जीव त्या होकारात अडकला होता.

"भिंतीर काय सांभाळूचा?" मास्तरांनी विचारलं.

"झिंग. खोलवर हवा डोक्यात चढते आणि ज्याला चढते त्यालाच कळत नाही. म्हणून बोटं दाखवायची. मी दोन दाखवली, तर समोरच्याने एक वाढवून तीन दाखवायची. चुकला की वर आणायचं."

"कोणाक?"

"कुणालाही." मग तिला राहवलं नाही. "आणि मास्तर, तुमची एकही खूण मी आजवर मोडलेली नाही."

मास्तरांनी मास्क डोळ्यांवर ओढला आणि ते मागे कलंडून पाण्यात शिरले.

भिंतीलगत दोघं खाली जाऊ लागली तसा उजेड निळा झाला, मग राखाडी. शर्वाणीने मास्तरांना दोन बोटं दाखवली.

मास्तरांनीही दोनच दाखवली.

तिने पुन्हा दाखवली. पुन्हा दोनच… आणि मास्कच्या काचेआड मास्तरांचे डोळे हसत होते.

अंगठा वर करून 'वर चला' म्हणावं, म्हणून तिने हात उचललाही. तेवढ्यात मास्तरांनी अंगठा खाली केला.

आणखी खाली.

ती थबकली. मग तिला उमगलं, निदान तसं वाटलं. मास्तर परीक्षा घेत होते! आयुष्य समुद्रात काढलेला माणूस, त्याला झिंग कुठली? ती मुकाट त्यांच्यामागे निघाली.

भिंतीला एक खोबण होती. तिथे एक जाडजूड गोब्रा मासा तोंड उघडून बसला होता. मास्तर त्याच्यासमोर गेले, अगदी पाहुण्यासारखे अदबीने वाकले… आणि स्वतःच्या तोंडातली हवेची नळी काढून त्यांनी ती माशापुढे धरली.

परीक्षा असो की नसो, हे शर्वाणीला बघवेना. तिने झडप घातली, नळी त्यांच्या तोंडात कोंबली, छातीवरचा पट्टा घट्ट धरला आणि वर निघाली. मास्तर सुटायला धडपडत होते. तिच्या हवेचा काटा लाल रेघेकडे सरकत होता. एकदम वर गेलं तर जिवावर बेततं, म्हणून वरच्या थांब्यावर थांबणं भाग होतं, आणि तो थांबा काही केल्या सरेना. तिने पट्टा सोडला नाही.

होडीत आल्यावर ती फळीवर आडवी झाली आणि मोठ्याने हसली. जिवंत असल्याचा आनंद होता तो, आणि जिंकल्याचाही.

"झाले ना पास, मास्तर?"

मास्तरांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली. घोट घेताना निम्मं पाणी गळ्यावर सांडलं.

"मी काय केलंय खाली?"

"मलाच विचारता? नळी माशाला दिलीत! आणि बोटं मुद्दाम चुकवलीत. ते तर मी तेव्हाच ओळखलं."

"तेव्हाच ओळखलंस… मगे थयच माका वर कित्याक नाय आणलंस?"

"तुम्ही खालची खूण केलीत." शर्वाणी उठून बसली. "तुमची खूण मी कशी मोडणार?"

होडी लाटेवर वरखाली होत राहिली. मास्तर आपल्या बोटांकडे बघत होते.

"चेडवा," ते हळूच म्हणाले, "तू बोटां दाखयलंस, थयसून फुडचा माका काय एक आठवणा नाय."