तान्हाईची फुंकर

भानुगिरी महाराज बोरवंडला मारुतीच्या देवळात उतरले होते, तेव्हाची ही गोष्ट. दुपारी निरूपण चाले, अन् तान्हाई सुईण पायरीखाली चपलांपाशी बसून ऐके. निम्मं गाव तिच्या हातांत जन्मलेलं, पण देवळाची पायरी तिला बंद! गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय?

एके दिवशी महाराजांनी तिला वर बोलावलं. लगेच इनामदारांच्या आक्कासाहेब कडाडल्या, "सुईण आमच्या मांडीला मांडी लावून बसणार? मग आम्ही उठतो!" लोक फिदीफिदी हसले. तान्हाई बिचारी कानकोंडी होऊन उभी राहिली.

तोच इनामदारांचा गडी धापा टाकत आला. सूनबाई अडल्या होत्या! आक्कासाहेब तशाच निघाल्या, आणि झालं गेलं विसरून तान्हाईही निघाली. परसदारानं आत शिरून तिनं पदर खोचला. घटकाभरात मुलगा झाला, पण हाय रे दैवा! पोर निळं पडलेलं, ना हालचाल, ना रडं. तान्हाईनं त्याचं तोंड पुसलं, तळवे चोळले, पाठ थोपटली. आता तोंडाला तोंड लावून फुंकर घालायची, एवढाच उपाय उरला. ती वाकली.

"खबरदार!" आक्कासाहेब ओरडल्या. "तोंड लावलंस तर पोर बाटेल!"

"सासूबाई, माझं बाळ जातंय हो!" सून बाजेवरून हात जोडू लागली.

जन्मभर मोठ्या घरचा शब्द झेललेली तान्हाई जागीच थिजली. "महाराज, आता तुम्हीच सांगा," ती पुटपुटली.

आणि काय नवल! खोलीत महाराजांचाच आवाज घुमला, "फुंक, तान्हाई! श्वास देवाचा आहे, त्याला कसला विटाळ?"

तान्हाईनं फुंकर घातली. एक, दोन... तिसरीला पोरानं असा टाहो फोडला, की ओसरीवरची माणसं आनंदानं नाचू लागली!

आक्कासाहेब अनवाणी देवळाकडे धावल्या. पाहतात तो महाराज जागचे हललेच नव्हते. लोक म्हणाले, "मघाशी बोलता बोलता थांबले, अन् तीनदा नुसती फुंकर घातली."

आक्कासाहेबांनी त्यांच्या पायांशी लोळण घेतली. महाराज म्हणाले, "आई, तुम्ही चुकीच्या ठिकाणी आलात. तुमचा नातू जिच्या हातांत रडला, तिच्याकडे जा."

तान्हाई परसात हात धूत होती. आक्कासाहेब वाकताहेत असं दिसताच ती दचकून मागे सरली. "शिवू नका, आक्कासाहेब! आंघोळ करावी लागेल."

"नाही करणार!" असं म्हणत आक्कासाहेबांनी सगळ्या गड्यांदेखत तिच्या पायांवर डोकं टेकलं.